लेस्टरला खरेदी कुठे करायची?

मागच्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका नव्या मुलीनं साधा प्रश्न टाकला. नुकतीच पुण्याहून इथं डब्लिनच्या सँट्री भागात राहायला आलेली. "वीकेंडला लेस्टरला चाललोय. शॉपिंग कुठे करावं? प्लीज सजेस्ट."

अर्ध्या तासात उत्तरांचा ढीग पडला. त्यात पत्ता एकही नव्हता! एकानं लिहिलं, "पितळेच्या दुकानात मराठीत कुजबुजू नका." दुसऱ्यानं लिहिलं, "श्रीखंड घेऊ नका. घेतलंत तर चमचेही घ्या." बिचारी शेवटी म्हणाली, "अहो, मला फक्त रस्त्याचं नाव हवं होतं."

रस्त्याचं नाव बेलग्रेव्ह रोड. झालं, सांगितलं! पण आमच्याकडे लेस्टरचा विषय निघाला की पत्त्यावर थांबत नाही कुणी. नऊ वर्षं जातोय आम्ही. डब्लिनमध्ये आता पोहे, गोडा मसाला, कुरडया सगळं मिळतं. पण काठापदराची साडी, समई, पुरणयंत्र असलं काही हवं असलं की सकाळची फेरी पकडायची, गाडी बोटीत चढवायची, पलीकडे होलीहेडला उतरायचं आणि चार तास ड्राइव्ह करून इंग्लंडातलं लेस्टर गाठायचं. येताना डिकीत सामान मावत नाही आणि डोक्यात किस्से.

आम्ही म्हणजे चौघं, सगळे डब्लिनच्या सिटीवेस्ट भागातले. मी वैशाली, मेडिकल डिव्हाइसच्या प्लांटमध्ये क्वालिटीला आहे. माझा नवरा नितीन, सॉफ्टवेअरवाला. मेधा, नागपूरची, चिपच्या प्लांटमध्ये इंजिनिअर. आणि केदार, औषधांच्या कंपनीत केमिस्ट आणि पुण्याचा. हे दुसरं तो आधी सांगतो.

*

पहिली ट्रिप. फेरीच्या चेक-इनला खिडकीतल्या माणसानं सहज विचारलं, "कुठपर्यंत चाललात?"

गाडी केदार चालवत होता. तो ऐटीत म्हणाला, "लायसेस्टर."

"कुठे?"

"लायसेस्टर!" केदारनं स्पेलिंग सांगायला सुरुवात केली. चौथ्या अक्षराला त्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला. "ओह, लेस्टर!"

केदारला हा अन्याय सहन होईना. "लिहायचं एवढं लांबलचक आणि म्हणायचं लेस्टर? मधली अक्षरं काय शोभेला ठेवलीत? या इंग्रजांना साधं स्पेलिंग जमत नाही!"

आता, आमच्या डब्लिनला लागूनच समुद्रकाठी एक गाव आहे. पाटीवर लिहिलेलं वाचाल तर 'दून लाओघेअर'. म्हणायचं मात्र 'डन लिअरी'. खिडकीतल्या माणसानं केदारचा पत्ता पाहिला, बोर्डिंग कार्ड त्याच्या हातात दिलं आणि शांतपणे म्हणाला,

"मित्रा, डन लिअरीच्या शेजारी राहून तू नावं इंग्रजांना ठेवतोस?"

*

मेधा भाव करायला बसली की आम्ही खुर्च्या शोधतो. ती म्हणते, "दुकानदारानं पहिला आकडा सांगितला की तो ऐकायचाच नाही. कान खराब होतात."

तर पितळेचं दुकान. तिला हवी होती एक मोठी, पाच वातींची समई. काउंटरवर सत्तरीचे गुजराती काका. मेधा त्यांच्याशी हिंदीत भाव करत होती आणि मधेमधे वळून मला मराठीत डावपेच समजावत होती, तेही खणखणीत आवाजात.

"हे बघ, आवडली असं दाखवायचं नाही. तोंड पाड."

मी तोंड पाडलं.

"आता तिच्यात काहीतरी खोट काढ."

मी म्हटलं, "बैठक जरा हलतेय का?"

"शाब्बास! आता मी नको म्हणते, आपण दारापर्यंत जायचं. हळूहळू चालायचं बरं का! तो हाक मारतोच. मारलीच पाहिजे त्यानं."

मेधा काकांकडे वळली. "नहीं अंकल, रहने दो, बहुत जादा है." आम्ही दोघी निघालो. एक पाऊल, दोन पावलं. हाक येईना. दार आलं, तरी हाक येईना! मेधानं दाराच्या मुठीला हात लावला आणि तिथंच थबकली.

मागून काका स्वच्छ, जळगावी मराठीत म्हणाले, "ताई, तुम्ही जरा बाहेर तर जा. मग मी हाक मारतो!"

आईकडून जळगावचे निघाले काका. समई त्यांनी मेधाच्याच भावात दिली. वर चहा पाजला आणि म्हणाले, "बैठक हलत नाही हं. ते मात्र खोटं बोललात."

*

आमची लेक ईरा आता बारा वर्षांची आहे. जन्म डब्लिनचा. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही पक्क्या आयरिश हेलात. जेवण कसं झालंय विचारलं तर "ग्रँड", म्हणजे छान. ताप आलाय का विचारलं तरी "आय'म ग्रँड".

सातेक वर्षांची असताना तिला पहिल्यांदा नेलं. मिठाईच्या दुकानातल्या मावशींनी लाडानं विचारलं, "बेटा, गुजराती आवडे छे?" म्हणजे, गुजराती येतं का?

ईरानं नाही म्हणून मान हलवली.

"हिंदी?"

पुन्हा मान हलली. मावशी माझ्याकडे असं बघायला लागल्या की मलाच लाज वाटली. तेवढ्यात ईरा म्हणाली, "पण मला आयरिश येतं."

इथल्या शाळांत आयरिश भाषा पहिल्यापासून शिकवतात. मावशींना कोण कौतुक! "बोल ना, बोल काहीतरी!"

ईरा हात मागे बांधून ताठ उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "अन विल क्याद अगम दुल गो दी अन लेहरस?"

मावशींनी चक्क हात जोडले. "किती गोड! अगदी श्लोकासारखं वाटतं." ईराला काजूकतलीचा डबा मिळाला. माझी मान पुन्हा ताठ झाली. मेधाच्या लेकीला नाही जमत हो असं चारचौघांत म्हणणं!

गाडीत बसल्यावर मी अभिमानानं विचारलं, "काय गं म्हणालीस? प्रार्थना होती का?"

"नो, आई. टीचर, मी टॉयलेटला जाऊ का?"

*

गुढीपाडव्याला आमच्या मराठी मंडळाचं जेवण होतं. केदारनं जाहीर केलं, "श्रीखंड लेस्टरचं! माझ्यावर सोडा." आणि खरोखरच त्यानं तिथल्या डेअरीतून दोन बादल्या केशर-वेलदोड्याचं श्रीखंड घेतलं. परत येताना बोटीवर कॉफी पीत बसलो होतो, तेव्हा नितीननं भिंतीवरचा बोर्ड वाचला. ब्रिटनमधून आयर्लंडमध्ये दुधाचे पदार्थ आणायला मनाई!

"बंदरावर काढून घेतील?" केदारचा चेहरा पांढरा झाला.

"आणि फेकून देतील," नितीन म्हणाला.

सुदैवानं बादल्या आम्ही वरच आणल्या होत्या, कारण केदारला त्या डिकीत ठेवायला जीव होत नव्हता. मी म्हटलं, परत करायला बोट वळणार नाही. नितीन म्हणाला, समुद्रात सोडून देऊ. मेधा कडाडली, "अन्न आहे ते! पाडव्याचं अन्न पाण्यात टाकता?"

मग काय! कॉफीच्या काउंटरवरून कागदी कप आणि लाकडी चमचे मागून आणले आणि मेधा वाढायला उभी राहिली. आधी आम्ही खाल्लं. मग शेजारच्या टेबलावरचं कुटुंब. मग ट्रकवाले. मोनाहनचा एक अगडबंब ट्रक ड्रायव्हर आधी नुसता वास घेऊन म्हणाला, "हे नक्की काय आहे?" पाचव्या कपाला तो आणखी चौघांना बोलावून आणत होता! नितीन प्रत्येकाला सांगत होता, "आज आमचं नवं वर्ष आहे." पाडवा खरं तर चार दिवसांवर होता, पण समोरचे लोक इतक्या मनापासून "हॅपी न्यू इयर" म्हणत होते की दुरुस्त करायचं आमच्या जिवावर आलं. बादल्या अक्षरशः पुसून घेतल्या लोकांनी.

डब्लिन बंदरात अधिकाऱ्यानं खिडकीतून डोकावून विचारलं, "काही दूध, दही, चीज?"

नितीननं पोटावर हात ठेवला आणि अतिशय प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "गाडीत नाही."

*

मॉरीन आमची आयरिश शेजारीण. वय चौऱ्याहत्तर, एकटीच असते. आमच्या गणपतीला दरवर्षी येते आणि आरतीला टाळ तिलाच हवे असतात. एका वर्षी म्हणाली, "यंदा मला पण साडी पाहिजे. आणि मी स्वतः निवडणार."

तिला घेऊन गेलो. दुकानात तिनं हिरवीगार, जरीकाठी साडी निवडली. मेधानं ती तिला नेसवली. मॉरीन आरशापुढे उभी राहिली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि म्हणाली, "मी ही काढणार नाहीये."

आणि नाहीच काढली! लेस्टर ते होलीहेड, मग बोटीचा प्रवास, सगळं त्या साडीत. वर कार्डिगन, पायांत चालायचे बूट. बोटीवर लोक वळूनवळून बघत होते आणि ती राणीसारखी सगळ्यांना मान डोलावत होती.

डब्लिनला पासपोर्ट बघायला एक तरुण अधिकारी आला. त्यानं गाडीत नजर फिरवली. गप्पा मारायच्या सुरात विचारलं, "आणि तुम्ही मंडळी मूळची कुठली?"

"सिटीवेस्ट," केदार म्हणाला.

"सिटीवेस्ट," मी म्हटलं.

"सिटीवेस्ट," मेधा.

मग तो मागच्या सीटवरच्या हिरव्या साडीकडे वळला. बाहेरून येऊन गावात राहिलेल्या माणसाला, मग तो दुसऱ्या आयरिश जिल्ह्यातला का असेना, आयरिश लोक ब्लो-इन म्हणतात, वाऱ्यानं उडून आलेला. मॉरीननं पदर सावरला.

"मी कॅव्हनची, लव्ह. लग्न करून इकडे आले. या गाडीत ब्लो-इन काय ती मीच!"

*

आयर्लंडच्या पश्चिमेला, स्लायगो गावात मोठं हॉस्पिटल आहे, तिथं आपले बरेच डॉक्टर आणि नर्सेस आहेत. सेंट पॅट्रिक्स डे म्हणजे इथला राष्ट्रीय सण. त्याच्या परेडमध्ये त्यांनी पहिल्यांदाच मराठी मंडळाचं नाव दिलं आणि आम्हाला बोलावलं. ठरलं, की तीस जण, तीस भगवे फेटे आणि लेझीम. लेझीम वेळेत आली. फेट्यांचं पार्सल भारतातून निघालं ते कुठं गेलं, देवाला ठाऊक.

परेड दहा दिवसांवर. नितीन आणि केदारला लेस्टरला पिटाळलं. दोन पुरुष कापड खरेदीला गेले म्हणजे काय होतं ते मी सांगायला नको. भगवा म्हणून त्यांनी मला फोनवर पाठवलेल्या पहिल्या सहा फोटोंत एक गुलाबी होता! शेवटी त्यांना पगडीचं कापड विकणारे एक म्हातारे सरदारजी सापडले.

"तीस?" सरदारजी म्हणाले. "शादी है?"

"नहीं जी, सेंट पॅट्रिक्स डे है," नितीननं सांगितलं.

"अच्छा! पॅट्रिक की शादी है!"

सगळा खुलासा झाल्यावर सरदारजींनी खरा प्रश्न विचारला. "बांधेगा कौन?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा विचार आम्ही कुणीच केला नव्हता! सरदारजींनी दाराला 'बंद'ची पाटी लावली, फोनवर कोल्हापुरी फेट्याचा व्हिडिओ लावायला सांगितला आणि तो स्वतः आधी शिकले. मग दोन तास नितीनच्या डोक्यावर केदारला आणि केदारच्या डोक्यावर नितीनला बांधायला लावलं. निघताना म्हणाले, "ढीला नहीं होना चाहिए. हम दोनों की इज्जत का सवाल है."

परेडच्या दिवशी वारा असा होता की रस्त्यावरच्या लोकांच्या टोप्या उडून नदीत पडत होत्या. आमचा एक फेटा हलला नाही! तीस भगवे फेटे, लेझमीचा एकच ठेका, दोन्ही बाजूंनी टाळ्या. माझा ऊर भरून आला होता. तेवढ्यात माइकवरून निवेदक ओरडला, "आणि आता येत आहेत आपले मित्र, मॅरेथॉन मंडळ!"

लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी केदारला थांबवून आदरानं विचारलं, "किती मैल पळत आलात?"

केदारनं फेटा चाचपला. "पाच हजार."

*

आता आईचं सांगते.

माझी आई येवल्याची. आमच्या घरात दोन माग होते, एकावर बाबा बसायचे, दुसऱ्यावर आई. माझं इंजिनिअरिंग त्या मागांवर झालं. बाबा गेल्यावर आई पहिल्यांदा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली.

आणि डब्लिनमध्ये आई गप्पच झाली. येवल्यात एका धाग्यावरून व्यापाऱ्याशी भांडणारी बाई इथं दाराची बेल वाजली की आतल्या खोलीत जाऊन बसायची. गॅसला हात लावायची नाही. काही विचारलं की एकच उत्तर. "मला इथलं काय कळतंय? तुम्हीच बघा." मला ते फार लागायचं. म्हटलं, लेस्टरला नेऊ, चार आपल्यासारखी माणसं दिसतील. तिच्या व्हिसावर दोन्हीकडे फिरता येत होतं.

मेधाच्या भावाचं लग्न ठरलं होतं, तिला पैठणी हवी होती. एका मोठ्या दुकानात गेलो. मालक हसमुखभाई, अतिशय सभ्य माणूस. त्यांनी उजवीकडच्या कपाटातून एक जांभळी पैठणी काढून गादीवर पसरली. "प्युअर हँडलूम, मॅडम. खास येवल्याची." मी तिकडे ईराला ड्रेस बघत होते. आई कोपऱ्यात, पिशवी मांडीवर धरून बसली होती. मेधानं कार्ड काढलं.

आई उठली. गादीपाशी आली. पदराचं टोक उचलून तिनं उलटं केलं, त्यावरून अंगठा फिरवला.

"पोरी, थांब," ती मेधाला म्हणाली. "ही हातमागाची न्हाई."

हसमुखभाईंना तेवढं समजलं. ते हसून म्हणाले, "बा, सर्टिफिकेट आहे." गुजरातीत आईला बा म्हणतात.

"कागद छापता येतो, भाऊ," आई म्हणाली. "हाताच्या पदराला उलटी बाजूच नसती. इकडून मोर, तिकडूनबी मोरच. हा तुमचा मोर बघा, मागून पिसं उपटल्यावानी दिसतोय."

हसमुखभाईंचं हसू गेलं. मला वाटलं, आता हा माणूस चिडणार. त्यांनी चष्मा लावला, पदर स्वतः उलटा केला आणि बराच वेळ बघत राहिले. त्यांनीही त्या पैठण्या हातमागाच्या म्हणूनच घेतल्या होत्या. मग त्यांनी कपाटातली दुसरी पैठणी काढून आईपुढे ठेवली. मग तिसरी.

आई गादीवर चढून मांडी घालून बसली. पदर खोचला. ती मराठीत बोलायची आणि शेजारी उभी राहून ईरा आपल्या डब्लिनच्या इंग्रजीत हसमुखभाईंना सांगायची. "आजी सेज नो." पुढची. "आजी सेज नो." पुढची. आईनं पदर फिरवला, काठ बघितला, साडी हळूच कुरवाळली. "आजी सेज धिस वन्ज ग्रँड!"

दुकानातली गिऱ्हाइकं जमा झाली. एका म्हाताऱ्या बाईंनी तर नेसलेल्या साडीचाच पदर पुढे केला, "बा, मारी जुओ ने!" म्हणजे, माझी बघा ना! आईचा आवाज चढत चालला होता. हाच आवाज मी लहानपणी मागाच्या खटखटीवरून ऐकलेला. मी क्वालिटीची मॅनेजर, दिवसभर दोष शोधण्याचा पगार घेते, आणि मी नुसती उभी राहून बघत होते.

सगळं कपाट झालं. चारच पैठण्या खऱ्या हातमागाच्या निघाल्या.

"बा, एवढं कसं कळतं?" हसमुखभाईंनी विचारलं.

"पस्तीस वर्सं बसले मागावर. न्हाई कळलं तर काय उपेग?"

त्यांनी चारांतली एक घडी करून दोन्ही हातांनी आईपुढे धरली. पैसे नकोत म्हणाले. आईनं ती घेतली, मेधाच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "लगीन हिच्या घरी हाय. हिला द्या, आन पैसे घ्या. इणणाऱ्याचे बुडवू नये."

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी बेल वाजली. मी जिन्यावर होते. खाली येईपर्यंत आईनं दार उघडलं होतं आणि पार्सलवाल्याला पाणी हवंय का ते मराठीत विचारत होती.

यंदा मेधा पुन्हा लेस्टरला गेली. तिथून तिनं फोटो पाठवला. हसमुखभाईंचं उजवीकडचं कपाट जवळजवळ रिकामं, आत मोजक्याच साड्या. बाकीचा सगळा ढीग दुकानाच्या मधोमध, स्वस्तात लावलेला. त्यावर हातानं लिहिलेलं कार्ड: 'आजी सेज नो'.

मी लगेच येवल्याला व्हिडिओ कॉल लावला. आईला फोटो दाखवला, कार्ड वाचून दाखवलं. आईनं फोन डोळ्यांजवळ नेला. नुसती स्क्रीनकडे बघत होती. मला वाटलं, डोळे भरून आले असणार. माझे तर आलेच होते.

मग आई म्हणाली, "डावीकडचं कपाट ऱ्हायलं गं बघायचं. तिकीट कधीचं काढतीस?"